मास्तरांचा ड्रम थोडा कमी करा

मास्तर गेले आणि त्यांच्या बँडच्या अल्बमबद्दल ज्याला त्याला मत फुटलं. मास्तर जिवंत असताना त्या अल्बमबद्दल कोणाला काही मत असल्याचं ऐकिवात नव्हतं. किंबहुना अल्बम आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. पण माणूस गेला की त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंवर सगळ्यांचा हक्क तयार होतो, तसा तो याही वस्तूवर झाला. आणि ती सगळी मतं येऊन आदळली खिडकीवाल्यांच्या अंगावर.

खिडकीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे त्यांची आजवरची सगळी नोकरी गेली होती. काचेला एक अर्धगोल भोक होतं. त्यातून लोक तोंड आत घालून ओरडत, आणि खिडकीवाले मान डोलावत म्हणत, "बरोबर आहे तुमचं. नोंद घेतली. करून टाकू." नळाला पाणी येवो न येवो, समोरचा माणूस तेवढ्यावर निवून जाई. एवढ्या तीन वाक्यांच्या जोरावर सरकारी माणूस निवृत्तीपर्यंत सुखरूप पोचतो, असा त्यांचा विश्वास होता. वाईट एवढंच, की ही वाक्यं संध्याकाळी खिडकीबरोबर बंद होत नसत. बायको म्हणाली पडदे बदलायला झालेत, की नोंद घेतली. केस कापणारा म्हणाला भांग दुसऱ्या बाजूला शोभेल, की करून टाकू. त्या भांगापायी ते पुढचे कित्येक दिवस आरशाकडे पाठ करून दाढी करत होते.

असा माणूस मेटल बँडमध्ये काय करत होता, हे कोणी विचारलं तर सांगायचं, की त्याला कोणीतरी 'येता का?' म्हणून विचारलं होतं. विचारणारे होते दातांचे डॉक्टर. ते गिटार वाजवत, आणि त्यांच्या दवाखान्यात जाऊन आलेल्यांना त्या गिटारचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटे. गाणारा होता एका बँकेतला कॅशियर. काउंटरवर "सुटे असतील तर बघा ना, प्लीज" इतक्या मऊ आवाजात बोलणारा हा गृहस्थ माईकपुढे उभा राहिला, की खोल विहिरीत म्हैस पडल्यासारखा आवाज काढी. खिडकीवाल्यांकडे बेस गिटार, ती जाड आवाजाची, आली, कारण ती कोणालाच नको होती. आणि ड्रमवर मास्तर.

मास्तर शाळेत गणित शिकवत. वर्गात त्यांचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जात नसे. पण शनिवारी संध्याकाळी हाच माणूस ड्रमसमोर बसला की समोरच्याने आपापला जीव सांभाळावा. हात दिसत नसत, नुसता वारा लागे. आणि एवढ्या हाणामारीत हिशोब मात्र पक्का, एक ठोका इकडचा तिकडे नाही. बँडचं नाव 'वज्रदंत'. ते अर्थातच डॉक्टरांनी सुचवलं होतं आणि खिडकीवाले बरोबर आहे म्हणाले होते.

इतक्या वर्षांत वज्रदंतचा एकही कार्यक्रम शेवटापर्यंत झाला नाही. दुसऱ्या गाण्याच्या आसपास कोणीतरी भला माणूस येऊन वायर काढी. मग गेल्या वर्षी चौघांनी पदरमोड करून, एका रेकॉर्डिंगवाल्याला गाठून, एकदाचा अल्बम वाजवून घेतला. 'मुळापासून उपटा' हे त्याचं नाव. 'कवटी उघडा', 'स्मशानातली पहाट', 'कोणी वाचणार नाही' अशी आत गाणी. वाजवून झालं होतं, फक्त कोणाचा आवाज किती ठेवायचा ते जुळवायचं राहिलं होतं. तेवढ्यात एका दुपारी मास्तर फळ्यावर अर्धं गणित सोडवून दम खायला खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

खिडकीवाले पार खचले. त्यांना मित्र असे फार नव्हतेच. तक्रार न करणारा हा एकच माणूस त्यांच्या ओळखीचा होता. पाचसहा दिवस ते खिडकीत बसून समोरच्याकडे नुसते बघत राहिले. त्यामुळे काही तक्रारी खरोखरच दूर झाल्या, कारण लोक घाबरून थेट साहेबांकडे गेले. मग एका सकाळी दात घासताना त्यांच्या मनाने घेतलं, की मास्तरांची शोकसभा आपण घ्यायची. मास्तरांच्याच इमारतीच्या हॉलमध्ये. आणि तिथे मोठ्या स्पीकरवर तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा. मास्तर काय वाजवायचे हे एकदा, निदान एकदा, लोकांना वायर न काढता ऐकू आलं पाहिजे. आणि हे काम आपण कोणाचं न ऐकता करायचं. आयुष्यात एक गोष्ट तरी तशी करायची.

हा निश्चय करून ते पहिले गेले सेक्रेटरींकडे, विचारायला.

सेक्रेटरी म्हणजे मास्तरांच्या इमारतीचे सेक्रेटरी. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि ते ती गळ्यात अडकवत. ते म्हणाले, "हॉल तुमचाच आहे हो. मास्तर म्हणजे आमचा माणूस. फक्त काय लावणार आहात ते आधी एकदा ऐकवा. उद्या कोणी बोट दाखवायला नको."

ऐकवलं. सेक्रेटरींच्या बैठकीच्या खोलीत, त्यांच्या काचेच्या कपाटासमोर. 'कवटी उघडा'च्या पहिल्या वाक्याला कपाटातले कप एकमेकांना लागू लागले. सेक्रेटरींच्या पत्नी आतून पदराला हात पुसत धावत आल्या आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू काय पडलं ते बघायला आल्या आणि बसल्या.

गाणं संपलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "छान आहे. भावना पोचतात."

"कुठे पोचतात?" काकूंनी विचारलं. "माझ्या तर दाढेत पोचलं काहीतरी."

"एक सुचवू का?" सेक्रेटरी म्हणाले. "तो ड्रम थोडा कमी करा. माझं सोडा, मला चालतं. मी वहिनींचा विचार करतोय. त्यांना हे ऐकवणार का?"

वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांना त्या आवाजाचा तिटकारा होता, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. मास्तर मागच्या खोलीत ड्रम बडवायला लागले की वहिनी बाहेरून दारावर दणके देत, आणि खालच्या मजल्यावर कोणते दणके कोणाचे ते कळत नसे. तेव्हा सेक्रेटरींचं म्हणणं काही खोटं नव्हतं. खिडकीवाल्यांच्या मनात आलं, की ड्रम कमी केला तर मग लावायचं काय? पण तोंडाने ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. करून टाकू."

रेकॉर्डिंगवाला शांत प्रकृतीचा माणूस होता. त्याने लग्नाच्या शूटिंगपासून दंतमंजनाच्या जाहिरातीपर्यंत सगळ्याचे आवाज जुळवले होते. त्यामुळे त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नसे. त्याने एक बटण खाली सरकवलं. "एवढा?"

"तेवढा," खिडकीवाले म्हणाले.

इथे हे प्रकरण थांबलं असतं, तर ठीक होतं. पण ड्रम कमी झाल्याची बातमी डॉक्टरांना लागली. डॉक्टर दवाखाना अर्धा टाकून आले. अर्धा म्हणजे एक पेशंट तोंड उघडं ठेवून आत बसला होता. ते म्हणाले, "ड्रम कमी केलात ते उत्तम. मी आधीच म्हणणार होतो. त्या धबडग्यात माझी बारीक कामं दिसत नव्हती. आता गिटार जरा वर घ्या. मास्तरांना माझी गिटार फार आवडायची."

मास्तरांना डॉक्टरांची गिटार आवडायची ही बातमी खिडकीवाल्यांना नवी होती. पण गेलेल्या माणसाची आवड, त्यावर वाद कसा घालणार? गिटार वर गेली. ती गेली म्हणून ड्रम आणखी खाली आला.

मग कॅशियर आला. तो रडवेला होता. "डॉक्टरांची गिटार माझ्या डोक्यावर बसलीय हो. मी हे गाणं मास्तरांसाठी गायलोय. शब्द कळायला नकोत का?"

"शब्द आधी तरी कुठे कळत होते?" खिडकीवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. निघाल्याबरोबर ते स्वतःच दचकले. कॅशियरने असं काही तोंड केलं, की त्यांनी घाईघाईने नोंद घेतली. आवाज वर गेला. आवाजाला जागा हवी, म्हणून ड्रम पुन्हा थोडा खाली.

"वहिनींच्या दृष्टीनेही हेच बरं," कॅशियर जाता जाता म्हणाला.

हे एक मोठं सोयीचं झालं होतं. ज्याला जे हवं ते तो वहिनींच्या दृष्टीने मागे. वहिनींची दृष्टी काय आहे ते मात्र कोणी विचारलं नव्हतं. खिडकीवाले विचारायला म्हणून दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा वहिनींनी चहा केला, दोन्ही वेळा विचारलं, "कुठवर आलंय तुमचं?" आणि दोन्ही वेळा खिडकीवाले "सगळं व्यवस्थित चाललंय, तुम्ही काही काळजी करू नका" असं म्हणून परत आले. नुकत्याच गेलेल्या नवऱ्याच्या बायकोला 'ड्रम किती ठेवू?' असं विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? दुसऱ्या खेपेला निघताना वहिनी काहीतरी बोलणार होत्या. पण खिडकीवाल्यांनी तोवर चपला घातल्या होत्या.

त्यानंतर उगवले मास्तरांचे थोरले बंधू. ते परगावाहून आले होते आणि त्यांना सगळ्या गोष्टी हातात घ्यायची सवय होती. त्यांनी आधी गाण्यांची नावं वाचली. वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"शोकसभेत लावायचंय हे?"

"हो."

"आणि गाण्याचं नाव 'कोणी वाचणार नाही'?"

खिडकीवाल्यांनी खुलासा करून पाहिला, की हे नाव माणूस जाण्याच्या आधीचं आहे, यात कोणाला उद्देशून काही नाही. बंधूंनी तो ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. "आमच्या घराण्यात सगळे शिक्षक. माझा भाऊ गणिताचा शिक्षक होता, हे लोकांच्या लक्षात राहिलं पाहिजे. कवट्या नव्हेत." अर्ध्या तासात 'कवटी उघडा'चं 'दार उघडा' झालं, 'स्मशानातली पहाट'ची नुसतीच 'पहाट' झाली, आणि 'कोणी वाचणार नाही'चं 'कोणी विसरणार नाही'. अल्बमचं नाव 'मुळापासून उपटा' हे बदलून काय ठेवावं यावर बंधूंनी रात्रभर विचार करून सकाळी 'स्मृतिगंध' असं सांगितलं. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते फोनवर इतका वेळ गप्प राहिले, की खिडकीवाल्यांना वाटलं त्यांच्याही तोंडात कोणी काही घातलंय.

"आणि तो ठोकाठोकीचा आवाज," बंधू म्हणाले, "अजून बराच येतो की. लहानपणी हा आमच्या आईचे डबे असाच बडवायचा. आई फार चिडायची. तिच्या आत्म्याला तरी—"

"बरोबर आहे," खिडकीवाले म्हणाले. आता एका आत्म्याऐवजी दोन आत्मे सांभाळायचे होते.

शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या होत्या, त्याही आल्या. सभेला मास्तरांचे विद्यार्थी येणार, तेव्हा ऐकणं हे त्यांचं कर्तव्यच होतं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, आणि उघडून म्हणाल्या, "यात दोन मिनिटांची शांतता कुठे आहे?"

"ती सभेत असेल ना, बाई. सुरुवातीला."

"ती असतेच. पण कलाकृतीतही हवी. मुलांवर परिणाम होतो." मग 'पहाट' या गाण्याच्या ऐन मध्यावर, मास्तर जिथे एकटेच सुटत आणि बाकीचे तिघं त्यांच्याकडे बघत उभे राहत, तिथे शांतता घातली गेली. दोन मिनिटं फार होतात म्हणून एक घातली. रेकॉर्डिंगवाल्याने ते काम करताना पहिल्यांदाच शंका काढली. तो म्हणाला, "साहेब, इथे तेच वाजवतायत ना, जे गेले?"

"तेच."

"मग त्यांचंच काढून त्यांच्यासाठी शांतता?"

खरं तर त्या क्षणी उठून खिडकीवाल्यांनी सगळी बटणं होती तिथे परत न्यायला हवी होती. पण मुख्याध्यापिकांना ते होय म्हणून बसले होते, बंधूंना म्हणाले होते, सेक्रेटरींना म्हणाले होते. इतक्या लोकांना दिलेला होकार परत कसा मागतात, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तक्रार खिडकीला परत घ्यायची सोय नसते. "करून टाका," ते म्हणाले. त्याबरोबर बाकी गाण्यांतला उरलासुरला ड्रमही गेला.

सभेच्या आदल्या दिवशी कार्यालयात त्यांचा फोन वाजला. समोर एक गृहस्थ बाटलीत गढूळ पाणी भरून घेऊन आले होते आणि ते खिडकीवाल्यांनी पिऊन दाखवावं असा त्यांचा आग्रह होता. मागे रांग. फोनवर रेकॉर्डिंगवाला. "साहेब, मशीनमध्ये जागा संपलीय. शेवटचं जुळवून झालंय. ड्रमचं मूळ रेकॉर्डिंग तेवढं फार जागा खातंय. आपण तर ते आता वापरतच नाही. पुसून टाकू?"

"करून टाका," खिडकीवाले म्हणाले, आणि बाटलीकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

त्या संध्याकाळी तयार झालेला 'स्मृतिगंध' घेऊन ते घरी आले आणि बायकोसमोर लावला. दोघं कोचावर बसून ऐकू लागली. डॉक्टरांची गिटार आली, कॅशियरचं विव्हळणं आलं. आणि त्यांच्या खालून काहीतरी जाडजूड, घसटत, एक पाय ओढत चालल्यासारखं येऊ लागलं. बायको कान देऊन ऐकत होती. तिचा चेहरा उजळला.

"अहो, हे तुम्ही?"

"हो."

"अग बाई! इतकी वर्षं मी समजत होते तुम्ही तिथे नुसते उभे असता!"

खिडकीवाल्यांनाही स्वतःचं वाजवणं इतकं स्पष्ट आजच ऐकू येत होतं. ते ऐकून त्यांचे कान तापले. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची गिटार मागे पडत होती. किंचित, पण दरवेळी. सगळे दाराबाहेर पडून गेल्यावर हा माणूस आत चपला शोधतोय, असं काहीसं. त्यांनी फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तक्रार केली. "माझा भाग तुम्ही बिघडवलात. मी असा वाजवलेला नाही."

"तुमच्या भागाला मी हातही लावलेला नाही, साहेब," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "तो होता तसाच आहे. आधी ड्रम होता ना, त्यामुळे कळत नव्हतं."

"मग ड्रम परत घाला. सगळा. होता तितका."

"तो तर सकाळी पुसला. तुम्हीच म्हणालात."

"आणि पहिल्यांदा आम्हाला ऐकायला दिलं होतं ते?"

"त्याच्यावरच तर पुढचं भरत गेलो. तुम्ही दरवेळी म्हणायचात, जुनं ठेवून काय करायचंय."

त्यांनी फोन ठेवला. बायको म्हणाली, "काय झालं?" तर त्यांना सांगता येईना. मास्तर गेले तेव्हा ते चार लोकांत रडले नव्हते. आता कोचावर बसून ढसाढसा रडले. बायकोला वाटलं, आपण वाजवण्याचं कौतुक केलं म्हणून भरून आलं. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

सभा थाटात झाली. ती झाली नसती तर बरं, म्हणून खिडकीवाल्यांनी सकाळपासून ताप येतो का ते पाहिलं होतं, पण अंग थंडगार होतं. हॉल भरला होता. टेबलावर मास्तरांचा फोटो, शेजारी फुलदाणी. बंधूंनी घराण्यावर भाषण केलं. मुख्याध्यापिका बोलल्या. सेक्रेटरींनी हॉलच्या नव्या पंख्यांचा उल्लेख केला. मग 'स्मृतिगंध' लागला. लोकांनी माना डोलावल्या. 'पहाट'च्या मधल्या शांततेत दोघातिघांनी डोळे टिपले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शेजारणीला म्हणाल्या, "मी उगाच नावं ठेवत होते. किती सोज्ज्वळ वाजवायचे मास्तर!" ज्याने त्याने येऊन खिडकीवाल्यांचा हात हातात घेतला. इतकं कौतुक त्यांच्या वाट्याला उभ्या जन्मात आलं नव्हतं, आणि प्रत्येक शब्दागणिक त्यांना जमिनीत जावंसं वाटत होतं.

लोक चहाकडे वळले. पहिल्या रांगेत वहिनी तेवढ्या बसून राहिल्या होत्या. त्यांनी खिडकीवाल्यांना हाताने बोलावलं. ते जाऊन शेजारच्या खुर्चीच्या टोकावर बसले.

"यांचं कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, ते... सगळ्यांचं असं म्हणणं पडलं, की तुम्हाला त्रास होईल."

"मला कोणी विचारलं?"

खिडकीवाल्यांनी चपलेत पाय सारला.

"लग्न झाल्यापासून मी कानात कापूस घालून स्वयंपाक केलाय, भाऊजी. दारावर दणके देऊन माझा हात दुखायचा. आता घर असं गप्प झालंय, की नळ टपकला तरी मी उठून बसते. आज मुद्दाम कापूस न घालता आले. म्हटलं, एकदा पोटभर ऐकून घेऊ. कुठाय ते? घरी तरी लावून द्या."

"नाही राहिलं," खिडकीवाले म्हणाले. नोंद घेतो, बघतो, करून टाकू, असं सगळं ओठांवर येऊन गेलं. "पुसलं गेलं. मीच सांगितलं पुसायला. सगळ्यांना हो म्हणत गेलो, आणि पुसलं."

वहिनी ओरडतील असं त्यांना वाटलं. ओरडल्या असत्या तर त्यांना सोसलं असतं, ओरडणं ऐकून घेण्याचाच ते पगार घेत. पण वहिनी नुसत्या फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते पहिलं पुन्हा लावा बरं. दाराचं काय ते."

खिडकीवाल्यांनी उठून लावलं. वहिनींनी समोरची रिकामी प्लॅस्टिकची खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या पाठीवर तळहाताने थाप दिली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी. आधी हळू, मग धडाधड. खिडकीवाले बघतच राहिले. तो मास्तरांचा ठोका होता. जिथे मास्तर वळत तिथे त्या वळत होत्या, जिथे ते दोनदा मारत तिथे दोनदा. भिंतीपलीकडून, कापसाच्या बोळ्यांतून, सगळंच्या सगळं त्यांच्या हातात जाऊन बसलं होतं. चहाकडची माणसं कप धरून वळली.

ओळ संपत आली तसा वहिनींचा हात वर गेला आणि हवेतच थांबला. स्पीकरमधून खिडकीवाल्यांची गिटार पाय ओढत आली. ती आल्यावर हात खाली पडला.

"इथे ते थांबायचे," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठी. जेवणाच्या टेबलावर बोटांनी रोज हे थांबायचं तेवढं घोटायचे. मी म्हणायचे, त्यांना एकदा सांगून टाका ना, तुम्ही मागे पडता म्हणून. तर म्हणायचे, सांगितलं की तो लगेच बरोबर आहे म्हणेल आणि वाजवायचंच सोडून देईल. त्यापेक्षा मी थांबतो."

खिडकीवाल्यांना समोरचं दिसेनासं झालं.

वहिनी पुन्हा वाजवू लागल्या होत्या, आधीपेक्षा जोरात. खुर्ची फरशीवर नाचत होती. दारातून सेक्रेटरी लगबगीने आले, गळ्यातली किल्ली सावरत, आणि त्यांनी खिडकीवाल्यांना दोन्ही हातांनी खूण केली, की हे जरा कमी करायला सांगा. बंधूही कपाळाला आठ्या घालून बघत होते. मुख्याध्यापिकांनीही खिडकीवाल्यांकडेच पाहिलं. तक्रार होती, आणि ती नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे आली होती.

खिडकीवाल्यांनी तोंड उघडलं. होय म्हणवेना, आणि नाही म्हणायची जिभेला सवय नव्हती. ते उठले, स्पीकरपाशी गेले, आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवून तिथेच बटणावर हात ठेवून उभे राहिले. ओळ संपत आली. वहिनींचा हात वर गेला आणि थांबला. खिडकीवाल्यांनी मनातल्या मनात म्हटलं, आता तरी, आता तरी वेळेवर ये. गिटार उशिराच आली.